मध, प्रोपोलिस, रॉयल जेली आणि कर्करोगाचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाचं निदान झालं की रिपोर्टांच्या फाइलमागोमाग घरात मधाची बाटलीही येते. कुणी ती महाबळेश्वरहून आणतं, कुणाचा मेहुणा पाड्यावरून आग्या मोहोळाचा मध पाठवतो, कुणी ऑनलाइन न्यूझीलंडचा 'मनुका' मध मागवतं. अलीकडे प्रोपोलिसचे (माश्यांनी पोळ्यासाठी जमवलेल्या राळेचे) थेंब आणि रॉयल जेलीच्या (राणीमाशीला भरवतात त्या पांढरट रसाच्या) कॅप्सूलही येऊ लागल्या आहेत. खालची उत्तरं उपचार चालू असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांचं जेवणखाण, औषधपाणी बघणाऱ्या घरच्यांसाठी आहेत. त्यांतली बरीचशी तोंड आणि घशाच्या कर्करोगाभोवती फिरतात. मधाबद्दल ठोस काही सांगता येतं ते तिथेच, आणि तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्या कृपेने आपल्याकडे या रुग्णांची कमतरता नाही.

मधाने कर्करोग बरा होतो का?

नाही. कुठल्याही फुलाच्या, कुठल्याही माशीच्या मधाने माणसाच्या शरीरातली गाठ विरघळल्याचा पुरावा नाही.

"मधाने कर्करोगाच्या पेशी मेल्या" अशा बातम्या सगळ्याच खोट्या नसतात, पण त्या अर्ध्यावर थांबलेल्या असतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर मध किंवा त्यातला एखादा घटक थेट ओतला की पेशी मरतात, हे खरं. मधात साधारण ८० टक्के साखर असते. इतक्या दाट द्रावणात पेशी तशाही टिकत नाहीत. आपण चाटलेला मध मात्र पोटात पचतो, त्याची साखर रक्तात जाते, आणि बशीतल्या त्या मात्रेने तो गाठीपर्यंत पोचतच नाही. बशीतून उंदरात, उंदरातून माणसात, आणि माणसांतही आधी थोड्या मग पुष्कळ, असा प्रवास केल्यावरच एखादा पदार्थ औषध ठरतो. मधमाशीच्या पोळ्यातल्या एकाही पदार्थाने कर्करोगावरचं औषध म्हणून हा प्रवास पुरा केलेला नाही.

मग मधाचा नेमका उपयोग कुठे?

रेडिएशनमुळे तोंड येतं तिथे.

जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र यांच्या कर्करोगात रेडिएशन साधारण सहा ते सात आठवडे चालतं. आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० ते ३५ वेळा. बरेच रुग्ण त्याला "लाईट घेणं" किंवा "शेक घेणं" म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाच्या आतली नाजूक त्वचा सोलवटायला लागते. आधी लाली, मग पांढरट चट्टे, मग व्रण. भाताचं शीत गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. जेवण तुटतं, वजन उतरतं, नाकातून नळी घालायची वेळ येते, आणि कधी कधी रेडिएशनच मध्ये थांबवावं लागतं. ते थांबणं सगळ्यात वाईट, कारण मधल्या सुट्टीत उरलेल्या कर्करोगाच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. म्हणून तोंड शाबूत ठेवणं ही नुसती आरामाची बाब नाही, उपचार वेळेत पुरा होण्याशी तिचा थेट संबंध आहे.

मध इथे का उपयोगी पडत असावा? तो दाट असल्यामुळे सोलवटलेल्या जागेवर थर धरतो. तो आंबट असतो आणि पाणी शोषून घेतो, त्यामुळे जंतूंना त्यात वाढणं अवघड जातं. शिवाय माशीने त्यात मिसळलेलं एक विकर, ग्लुकोज ऑक्सिडेज, मध लाळेने पातळ झाला की थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणजे काम होतं ते वरवरचं, जिथे मध टेकतो तिथलं. हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

याला अभ्यासाचा आधार आहे की नुसतं आजीबाईचं औषध?

आधार आहे, पण एकमुखी नाही.

मलेशियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोक्या-मानेच्या कर्करोगाचे ४० रुग्ण होते. निम्म्यांना रेडिएशनसोबत मध दिला, निम्म्यांना नाही. मध न घेणाऱ्यांत ७५ टक्के लोकांचं तोंड तीव्र स्वरूपात आलं, मध घेणाऱ्यांत २० टक्क्यांचं. त्यानंतर भारतासह अनेक देशांत छोटे छोटे अभ्यास झाले. मंगळुरूच्या एका अभ्यासात मधाची तुलना लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाशी केली, आणि तिथेही मध सरस ठरला.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या 'द ख्रिस्टी' या कर्करोग हॉस्पिटलात १३१ रुग्णांपैकी काहींना मनुका मध आणि काहींना साखरेचा दाट पाक दिला. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा तोंड येण्यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १६३ रुग्णांवर, अन्ननलिका सोलवटू नये म्हणून, मनुका मधाची चाचणी झाली. २०१७ च्या निकालात तिथेही नेहमीच्या काळजीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

या गोंधळाचं एक कारण उघड आहे. मध चाखला की तो मध आहे हे कळतं. "आपल्याला काहीतरी चांगलं मिळतंय" ही भावना रुग्णाच्या आणि तपासणाऱ्याच्याही मनात शिरते. मँचेस्टरच्या अभ्यासात साखरेचा पाक होता म्हणून ती अडचण कमी झाली, आणि फायदाही दिसेनासा झाला. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण मधाच्या भक्तांनी तो बहुधा वाचलेला नसतो.

तरीही सगळे अभ्यास एकत्र तोलून, कर्करोगातल्या सहायक उपचारांचं काम बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० च्या मार्गदर्शनात डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून मध सुचवला. "सुचवला" हा शब्द तोलून वापरलेला आहे, ती ठाम शिफारस नव्हे. बेंझिडामिन या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधाच्या गुळण्या आणि कमी शक्तीचा लेझर यांचं स्थान त्याच मार्गदर्शनात वरचं आहे. तुमच्या रुग्णालयात लेझरची सोय असेल तर आधी ती विचारा, मधाचं नंतर बघू.

मध घ्यायचाच तर कसा घ्यायचा?

आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारून. त्यांनी होकार दिला तर मलेशियातल्या अभ्यासातली पद्धत डोळ्यांसमोर ठेवता येते: २० मिली मध रेडिएशनच्या १५ मिनिटं आधी, तेवढाच १५ मिनिटांनंतर, आणि तेवढाच साधारण सहा तासांनी. २० मिली म्हणजे पोह्याच्या चमच्याने दोन ते तीन चमचे. चमचे लहानमोठे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीवरचं टोपण वापरलेलं बरं.

मध तोंडात घ्या, जिभेने गालांच्या आत, हिरड्यांवर, टाळूला फिरवा, आणि मग हळूहळू गिळा. घाईने गिळला तर तो पोटात जातो, आणि पोटाला त्याची गरज नव्हती. गरम पाण्यात लिंबू-मध करून पिण्यानेही हे काम होत नाही. शिवाय लिंबू त्या तोंडाला झोंबेल ते वेगळंच. नळीतून मध घालणं तर तोंडासाठी निव्वळ वाया.

सुरुवात पहिल्या दिवसापासून करायची असते. तोंड सोलवटून निघाल्यावर मध कित्येकांना झोंबतो आणि मळमळतं. मँचेस्टरच्या रुग्णांनाही तो शेवटपर्यंत घेणं जमेना. जळजळ झाली तर जबरदस्ती करू नका. "गुणाचं आहे, सहन कर" असं म्हणून चमचा तोंडात कोंबणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांना तर मुळीच आवरा.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर मध फिरवून गिळण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. दाट पदार्थ श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

दिवसभर मध तोंडात ठेवला तर दात किडणार नाहीत?

किडू शकतात, आणि ही भीती अगदी रास्त आहे. रेडिएशनने लाळग्रंथी सुकतात. दातांना धुऊन काढणारी लाळच नसली की कीड झपाट्याने लागते. पुढे दात काढायची वेळ आली तर रेडिएशन झालेल्या जबड्याचं हाड भरून येत नाही, कधी ते सडतं. म्हणूनच रेडिएशनआधी दंतवैद्याकडे पाठवतात आणि फ्लोराइड लावायला सांगतात.

मधाचा थर थोडा वेळ राहू द्या, मग गुळणी करा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, ही गुळणी बहुतेक ठिकाणी सांगतात. रात्री झोपताना मध घेऊन तसंच झोपू नका.

रुग्णाला मधुमेह आहे. मध "नैसर्गिक" आहे म्हणून चालेल ना?

नैसर्गिक असला तरी ती साखरच. वर सांगितलेल्या मात्रेने दिवसाला ६० मिली मध होतो. त्याचं वजन साधारण ८५ ग्रॅम, त्यात साखर जवळजवळ ७० ग्रॅम आणि ऊर्जा २५० कॅलरींच्या आसपास. मधुमेही रुग्णाला ही मात्रा बेधडक देण्यासारखी नाही. त्यात केमोसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असेल तर साखर आधीच चढलेली असते. ज्याचं खाणं सुटलंय आणि वजन उतरतंय, अशा मधुमेह नसलेल्या रुग्णाला मात्र याच २५० कॅलरी कामी येतात.

साखरेने कर्करोग वाढतो म्हणतात. मग मधही बंदच करायला नको का?

कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त खातात, हे ऑटो वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं. किरणोत्सारी साखर टोचून गाठ शोधणारा पेट स्कॅन त्याच गुणावर चालतो. पण आपण साखर सोडली म्हणून त्या पेशी उपाशी राहत नाहीत. शरीर भातातून, डाळीतून, शेवटी स्वतःच्या स्नायूंतूनही ग्लुकोज बनवतंच. या भीतीपायी भात, फळं, दूध सगळं बंद करून हाडांचा सापळा झालेले रुग्ण उपचार झेपत नाहीत म्हणून अडकतात. उपचाराच्या काळात वजन टिकवणं जास्त महत्त्वाचं.

पेट स्कॅनच्या दिवशी मात्र सकाळचा मध विसरा. त्याआधी सहाएक तास उपाशी राहायचं असतं. "मध म्हणजे काही खाणं नव्हे" असं समजून चमचाभर चाटला तरी स्कॅन बिघडू शकतो. ऑपरेशनच्या आधीच्या उपवासालाही हेच लागू.

केमो चालू आहे आणि पांढऱ्या पेशी खाली गेल्यात. मध द्यावा का?

कच्चा, न तापवलेला मध देऊ नका. त्यात बुरशीचे आणि जंतूंचे बीजाणू असू शकतात. निरोगी माणूस ते सहज पचवतो, पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला त्यांचा धोका असतो. बऱ्याच रुग्णालयांत अशा रुग्णांच्या आहारातून कच्चा मध काढून टाकतात. कारखान्यात तापवून बंद केलेला मध काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. आपल्या वॉर्डाचा जो नियम असेल तो पाळा.

इथे एक उलटा प्रकार होतो. मेहुण्याने झाडावरून थेट काढून आणलेला मध घरच्यांना सगळ्यात "प्युअर" वाटतो, आणि याच रुग्णासाठी नेमका तोच सगळ्यात नको असतो.

लहान मुलांना?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही, कर्करोग असो वा नसो. बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे बीजाणू मधात असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. तापवूनही ते मरत नाहीत. बाळाला चाटण देणाऱ्या घरांत हे ऐकवणं अवघड जातं, पण ऐकवावं लागतं. मोठ्या मुलांबाबत ईजिप्तमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, आणि केमोने आलेलं तोंड मधाने लवकर बरं होताना त्यात दिसलं. अभ्यास छोटा होता. मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी प्रयोग नको.

कुठला मध घ्यावा? सातेरी, आग्या, मेलीफेरा की मनुका?

मनुका हा न्यूझीलंडमधल्या एका झुडपाच्या फुलांचा मध. त्यात मेथिलग्लायोक्सल नावाचा जंतुनाशक घटक जास्त असतो, म्हणून तो प्रसिद्ध आणि महाग. पण वर सांगितलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत फायदा दिसला नाही तो याच मधाचा, आणि मलेशियातला साधा मध चहाच्या झाडाच्या फुलांचा होता. तेव्हा मनुकासाठी कर्ज काढू नका.

आपल्याकडच्या मधांत माशीपेक्षा मध कसा काढला याला महत्त्व द्या. सातेरी आणि मेलीफेरा माश्या पेटीत पाळतात, चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढतात, त्यामुळे तो स्वच्छ असतो. महाबळेश्वर भागात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा असा मध मिळतो आणि कारवी फुलते त्या वर्षी कारवीचाही. तिथल्या मांघरला २०२२ साली राज्याने मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. आग्या मोहोळाचा मध मात्र पुष्कळदा पोळं हाताने पिळून काढतात. त्यात परागकण, अळ्यांचे अंश, मेण सगळं उतरतं, पाण्याचा अंश जास्त असतो आणि तो लवकर आंबतो. चवीला तो उत्तम असेलही, पण उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या तोंडात फिरवायला मी तो सुचवणार नाही.

बाजारातल्या मधात भेसळ असते म्हणतात. घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही. पाण्यात टाकलेला थेंब तळाशी बसला, मधात बुडवलेली कापसाची वात पेटली, मुंगी लागली नाही, कुत्र्याने तोंड लावलं नाही, यांतली एकही कसोटी कामाची नाही. दाट साखरेचा पाकही तळाशी बसतो. मध थिजून रवाळ झाला की लोक "साखर निघाली" म्हणून फेकून देतात, आणि हे तर उलटंच आहे. ग्लुकोज जास्त असलेला चांगला मध थंडीत थिजतोच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

भेसळ आता तांदळापासून किंवा मक्यापासून केलेल्या पाकाची असते आणि साध्या तपासण्यांतून ती निसटते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२० साली १३ ब्रँडचा मध तपासला. जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या प्रगत चाचणीत त्यांतले तीनच पास झाले. म्हणून ओळखीच्या मधपाळाकडून, खादी ग्रामोद्योगाच्या केंद्रातून, किंवा अॅगमार्क आणि एफएसएसएआय क्रमांक असलेला मध घ्या. यानेही पूर्ण खात्री होत नाही, पण धोका कमी होतो.

वैद्य म्हणतात मध गरम करू नये. आयुर्वेदिक औषध मधातून दिलंय, ते घ्यावं का?

आयुर्वेदात मधाचं स्थान मोठं आहे. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितलेत, आणि औषध पोचवणारं अनुपान म्हणून तो वापरतात. तापवलेला मध वर्ज्य मानतात. आजच्या भाषेत, मध तापवला की वर सांगितलेलं विकर मरतं आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. तेव्हा तोंडासाठीचा मध उकळत्या पाण्यात किंवा चहात घालू नका, हा सल्ला दोन्हीकडून जुळतो.

खरा प्रश्न मधात कालवलेल्या पुडीचा आहे. तिच्यात भस्म आहे का, कुठल्या वनस्पती आहेत, याचा केमोशी आणि यकृताशी संबंध येतो. पुडीवर नाव नसेल तर वैद्यांकडून लिहून घ्या आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा. वैद्य नाव सांगायला तयार नसतील तर ती पुडी घेऊ नका.

प्रोपोलिस म्हणजे काय, आणि त्याचा उपयोग होतो का?

झाडांच्या कळ्यांवरचा चीक आणि राळ गोळा करून माश्या पोळ्याच्या फटी लिंपतात, ते प्रोपोलिस. त्यातले काही घटक प्रयोगशाळेत जंतू आणि गाठीच्या पेशी दोन्ही मारतात. माणसांत त्याच्या गुळण्यांनी तोंड येणं थोडं कमी होतं असं काही लहान अभ्यास सांगतात. आशादायक म्हणावं इतकंच.

अडचणी दोन. एक, प्रोपोलिसची अॅलर्जी बऱ्यापैकी आढळते. ओठ सुजतात, तोंडात पुरळ येतं, आणि रेडिएशनने आधीच सोलवटलेल्या तोंडात ही सूज ओळखूही येत नाही. दोन, बाजारातले बरेच थेंब अल्कोहोलमध्ये बनवलेले असतात. ते असल्या तोंडात टाकणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. शिवाय प्रत्येक प्रदेशातली झाडं वेगळी, त्यामुळे ब्राझीलचं प्रोपोलिस आणि युरोपातलं प्रोपोलिस यांत घटकच वेगळे असतात. अभ्यासातलं आणि तुमच्या बाटलीतलं एकच असेल याचा भरवसा नाही. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर प्रोपोलिस टाळाच.

रॉयल जेलीने अशक्तपणा जातो का?

इराणमध्ये ५२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. रॉयल जेली मिसळलेला प्रक्रिया केलेला मध चार आठवडे घेतलेल्यांना, साधा मध घेतलेल्यांपेक्षा थकवा कमी वाटला. एवढ्यावर महागड्या कॅप्सूल विकत घेण्यासारखं काही मला दिसत नाही. थकव्याचं कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, न जेवणं यांत आधी शोधावं.

धोके मात्र नोंदलेले आहेत. रॉयल जेलीने दम्याचे तीव्र झटके आले आहेत, मृत्यूही झाले आहेत, म्हणून ऑस्ट्रेलियात तिच्या डब्यावर धोक्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. वॉरफॅरिनवर असलेल्या रुग्णाला ती घेतल्यावर लघवीतून रक्त गेल्याचीही नोंद आहे. आणि प्रयोगशाळेत तिचा परिणाम इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा दिसला आहे. म्हणून स्तनाच्या हार्मोन पॉझिटिव्ह कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल घेणाऱ्या ताईंनी, मावशींनी ती घेऊ नये. माणसांत तिने कर्करोग वाढतो असं सिद्ध झालेलं नाही, पण जिच्यापासून फायदा संशयास्पद आणि धोका शक्य, ती घ्यायची कशाला?

परागकणांच्या गोळ्या?

जर्मनीत स्तनाच्या कर्करोगाच्या हार्मोन उपचारांतल्या बायकांना अंगातून वाफा येण्यावर परागकण दिले, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसता मध. दोन्ही गटांत साधारण सारख्याच बायकांना बरं वाटलं. परागकणांना वेगळं श्रेय द्यावं असं त्यातून काही निघत नाही. परागकणांची अॅलर्जी आणि त्यांतली बुरशी हे मुद्दे लक्षात घेता केमोच्या काळात नकोतच.

मधमाशीच्या विषाने स्तनाचा कर्करोग मरतो, असा व्हिडिओ आलाय. खरं आहे का?

व्हिडिओचं मूळ खरं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या हॅरी पर्किन्स संस्थेत ३०० हून अधिक माश्यांचं विष गोळा करून तपासलं आणि २०२० साली निष्कर्ष छापले. विषातलं मेलिटिन हे द्रव्य स्तनाच्या कर्करोगाच्या काही आक्रमक प्रकारांच्या पेशींना भोकं पाडून मारतं. पण हे सगळं बशीत आणि उंदरांत. मेलिटिन निरोगी पेशींनाही सोडत नाही, तांबड्या पेशीही फोडतं. फक्त गाठीपर्यंत ते कसं न्यायचं, हेच संशोधन चालू आहे.

यावरून कुणी डंखाचे उपचार घ्यायला निघालं असेल तर त्यांना थांबवा. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक बाई दोन वर्षं असे डंख नियमित घेत होती. एके दिवशी एका डंखानंतर शरीराची तीव्र प्रतिक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी ती गेली. डॉक्टरांनी ती घटना २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. आधी काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असं डंखाच्या बाबतीत धरता येत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर अशा प्रतिक्रियेत दिलेलं इंजेक्शनही नीट काम करत नाही.

रेडिएशनने भाजलेल्या कातडीवर किंवा फुटलेल्या गाठीवर मध लावावा?

स्वयंपाकघरातला मध लावू नका. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो आणि पट्टीत किंवा ट्यूबमध्ये मिळतो. फुटलेल्या, वास येणाऱ्या गाठीवर अशा पट्ट्यांनी दुर्गंधी कमी होते, तशी ती चांदीयुक्त पट्ट्यांनीही होते. वासासाठी डॉक्टर मेट्रोनिडॅझोल हे जंतू मारणारं औषधही लावायला देतात. ते स्वस्त आहे आणि लाज न बाळगता मागून घ्यावं. घरात त्या वासामुळे रुग्णापासून लोक दूर बसतात, आणि तो त्रास दुखण्यापेक्षा मोठा असतो.

आम्ही जैन आहोत, मध चालत नाही. आमचं काही चुकतंय का?

अजिबात नाही. मँचेस्टरमध्ये साखरेचा पाक आणि मध यांत फरक पडला नव्हता, हे आठवा. बेंझिडामिनच्या गुळण्या, मीठ-सोड्याची गुळणी, लेझर, वेळेवर वेदनाशामक, मऊ ताकभात आणि सायीचं दूध, एवढं नीट केलं तर मधावाचून काही अडत नाही.

केमो, ऑपरेशन न करता फक्त नैसर्गिक उपचारांवर राहायचं म्हटलं तर?

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हाच हिशेब मांडला. न पसरलेला कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ जणांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० जणांशी केली. पर्यायीवाल्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त. या लोकांचा आजार बरा होण्याजोगा होता.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती करायला आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. तरी कुणी तसा दावा छापत असेल, तर तो माणूस कायदाही मोडतोय आणि तुमचा वेळही खातोय.

डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील. मग सांगायचं कशाला?

एखादे रागावतीलही. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी पाच मिनिटं बघता त्यांचा तिटकारा समजण्यासारखा आहे. तरी सांगा, पण "थोडंफार घरगुती घेतो" असं मोघम नको. बाटलीचा किंवा डब्याचा फोटो मोबाइलवर दाखवा, दिवसाला किती घेताय ते सांगा, मधुमेह, दमा आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेही सोबतच सांगा. डॉक्टरांशी बोलणं जमत नसेल तर रेडिएशनच्या सिस्टर किंवा आहारतज्ज्ञ यांच्याकडे बोला. तोंडाची रोजची खबर तशीही त्यांनाच जास्त असते.

मध चालू असताना काय दिसलं तर लगेच रुग्णालय गाठायचं?

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास झाला, तर त्याच क्षणी, सकाळची वाट न बघता. केमो घेणाऱ्याला ताप १०० च्या पुढे चढून १००.४ फॅरनहाइटला पोचला तरीही तसंच. तोंडात दह्यासारखे पांढरे थर जमले तर ती बुरशी असू शकते. तिला बुरशीचं औषध लागतं, मध नव्हे. आणि दोन दिवस पाणीसुद्धा गिळता आलं नसेल तर तिसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता जा, म्हणजे सलाइन किंवा नळीचा निर्णय वेळेत होईल आणि रेडिएशनमध्ये खंड पडणार नाही.